बाटाक दातूची काठी, शिंगाची डबी आणि भिंतीवरची पाल: चिन्हांचा अर्थ नेमका कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी-जावई इंडोनेशियात उत्तर सुमात्राला तोबा तलाव बघायला गेले होते, येताना सामोसिर बेटावरून एक कोरीव काठी आणली, त्यावर माणसं आणि प्राणी एकावर एक चढलेत, वरच्याच्या डोक्यावर केसांचा झुबका. सोबत म्हशीच्या शिंगाची एक डबी. दुकानदार म्हणाला ही आमची फॅमिली ट्री आहे. घरात सासूबाई म्हणतायत की ही करणीची वस्तू आहे, दारात सुद्धा नको. कोणीतरी "शुद्ध करून" देवघरात ठेवा असंही सुचवलंय. तर या चिन्हांचा खरा अर्थ काय, आणि वस्तू घरात ठेवायची का. सोबत दोन्ही वस्तूंचे फोटो पाठवलेत.

मी लाकूड, हाड आणि शिंगाच्या जुन्या वस्तूंचं कॉन्झर्वेशन करते, युरोपातल्या म्युझियमच्या स्टोअरमध्ये बाटाक (म्हणजे तोबा तलावाभोवतीच्या डोंगरांतल्या लोकांच्या) वस्तू बऱ्याच हाताळल्यात, म्हणून जरा लांब लिहिते. सासूबाई दुकानदारापेक्षा जास्त जवळ पोचल्यात हे आधीच सांगून टाकते, पण "करणी" एवढ्या एका शब्दात ते प्रकरण संपत नाही.

आधी एक गोष्ट. नेटवर शोधलं की चार्ट सापडतात, सरडा म्हणजे सुपीकता, साप म्हणजे पाताळ, लाल म्हणजे रक्त, वगैरे. त्या चार्टने फार काही हाती लागत नाही. बाटाक विधीच्या वस्तूत कोरीव काम हे अर्धंच असतं, उरलेलं अर्धं आत भरलेलं असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. आपल्याकडे मूर्तिकाराच्या कारखान्यात रांगेत उभे असलेले गणपती आणि प्राणप्रतिष्ठा झालेला गणपती यात जो फरक, तोच इथे. म्हणून चिन्ह कुठलं आहे यापेक्षा ती वस्तू "चालू" कशी करायचे आणि कोण करायचं हे आधी बघायचं, मग त्या माणसांचा आणि सापांचा अर्थ आपोआप लागायला लागतो.

चालू करणारा माणूस म्हणजे दातू. हा बाटाक लोकांचा वैद्य, ज्योतिषी, मांत्रिक आणि लेखक सगळं एकातच, आणि बहुतेक वेळा स्वतःची काठी स्वतःच कोरणारा सुद्धा. बाटाक म्हणजे एकच एक जमात नाही बरं का, तोबा, कारो, सिमालुंगुन, पाकपाक, अंगकोला आणि मांडाइलिंग असे गट आहेत, भाषा वेगळ्या, वस्तूंची नावंही थोडी वेगळी, २०१० च्या जनगणनेत सगळे मिळून साधारण ८५ लाख लोक. मी खाली नावं मुख्यतः तोबा गटाची देतेय, कारण सामोसिर त्यांचं.

आता काठी. तिचं नाव तुंगल पनालुआन. अस्सल काठी पाच-सहा फूट उंच, म्हणजे माणसाएवढी, आणि एकाच लाकडाची. जोड नसतो. सगळ्यात वर एक पुरुष, डोक्यावर माणसाचे किंवा घोड्याचे केस किंवा कोंबड्याची पिसं, ती पांढऱ्या-लाल-काळ्या दोऱ्याने आवळून बांधलेली. त्याच्या खाली बाई. मग खाली आणखी माणसं, मध्येमध्ये साप, सरडा, म्हैस, कुत्रा, काही ठिकाणी घोड्यासारखा एक प्राणी. जवळून बघितलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे कोणी मोकळं उभं नाहीये, सगळ्यांचे गुडघे वाकलेले, कोपरं अंगाला चिकटलेली, एकाचे पाय दुसऱ्याच्या डोक्यावर टेकलेले, चेहरे लांबट, नाक सरळ, डोळे बाहेर आलेले, जबडा पुढे. अडकलेली माणसं जशी दिसतील तशी. आणि ती अडकलेलीच आहेत.

त्याची गोष्ट अशी सांगतात (गावागणिक बदलते, मी ढोबळ सांगते). सामोसिरच्या पांगुरुरानकडे गुरु हातियाबुलान नावाचा माणूस होता. बायको किती तरी काळ गरोदर राहिली आणि शेवटी जुळं झालं, एक मुलगा एक मुलगी. मुलगा आजी दोंडा हाताहुतान, मुलगी सी बोरू तापी नाउआसान. गावातले लोक म्हणाले मुलगा-मुलगी जुळं एकत्र वाढवू नका, वेगळं करा. बापाने ऐकलं नाही. पुढे व्हायचं तेच झालं, बहीण-भावाचा संबंध आला. एक दिवस रानात मुलीला एका झाडावर फळं दिसली, ती चढली आणि झाडाने तिला धरून ठेवलं, अर्धी आत गेली. भाऊ सोडवायला चढला तो पण अडकला. मग बापाने एकामागून एक दातू बोलावले, प्रत्येक जण आपापली विद्या आणि आपापला प्राणी घेऊन आला, प्रत्येक जण चढला आणि चिकटला. शेवटी एकाने सांगितलं की आता कोणी सुटत नाही, झाड तोडा आणि त्यांच्यासारखी माणसं त्या लाकडात कोरा.

म्हणजे काठीवरचे लोक हे पूर्वजांची वंशावळ नाहीत. दुकानदाराचं फॅमिली ट्री इथे गंडतं. "फॅमिली" आहे, "ट्री" पण आहे, फक्त गोष्ट कुटुंब मोडल्याची आहे. बाटाक समाजात मार्गा म्हणजे कूळ, एकाच मार्गातलं लग्न निषिद्ध, आपल्याकडे सगोत्र म्हणून जे टाळायचे तसंच पण जास्त कडक. आणि सगळा समाज तीन पायांवर उभा: आपलं कूळ, ज्यांची मुलगी आपण करून आणली ते कूळ, आणि ज्यांना आपण मुलगी दिली ते कूळ. याला दालिहान ना तोलू म्हणतात, चुलीचे तीन दगड, एक काढला की भांडं कलंडतं. सख्ख्या बहीण-भावाने एकत्र येणं म्हणजे हे तिन्ही दगड एकदमच उपटणं, कारण मग मुलगी देणारं आणि घेणारं घर एकच. समाजाच्या नियमाच्या बाहेर पडलं की जी ताकद सुटते ती धोक्याची असते आणि तीच ताकद दातूला हवी असते, माझ्या मते काठीचा गाभा हा आहे. काही अभ्यासक काठीला तीन जगांना जोडणारा विश्ववृक्ष म्हणतात, वरचं देवांचं बानुआ गिंजांग, मधलं माणसांचं बानुआ तोंगा, खालचं बानुआ तोरू जिथे नागा पादोहा नावाचा साप पृथ्वीखाली असतो. ते पण खरंच आहे, त्या तीन रंगी दोऱ्यात पांढरा वरच्या, लाल मधल्या आणि काळा खालच्या जगाचा असं धरतात. पण विश्ववृक्ष जगभर सापडतो हो, इंडोनेशियात तर सगळीकडेच. त्या झाडाला चिकटलेले दातू मात्र इथलेच, आणि दातूने स्वतःच्या काठीवर आपल्याच धंद्यातली अपयशी माणसं कोरून ठेवावीत ही गोष्ट मला कायम भारी वाटत आलीय.

आता "आत भरलेलं" म्हणाले त्याकडे येते. अस्सल जुन्या काठीवर वरच्या आकृतीच्या छातीत, पोटात किंवा डोक्यात, कधी खालच्या एक-दोन आकृत्यांतही, बोटाच्या पेराएवढं भोक असतं, लाकडी खुंटीने किंवा राळेने बंद केलेलं. आत पुपुक. पुपुक म्हणजे जाळून, कुटून, वनस्पती आणि प्राण्यांच्या भागांत मिसळून केलेला काळा लगदा. त्यातला सगळ्यात जबरदस्त प्रकार माणसापासून करायचे असं मिशनऱ्यांनी आणि १९ व्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवलंय: शत्रूच्या गावातलं मूल पळवून आणायचं, चांगलं खाऊ घालायचं, त्याच्याकडून वदवून घ्यायचं की मला जिथे पाठवाल तिथे जाईन, आणि त्या शब्दावर तोंड उघडं असतानाच घशात वितळलेलं शिसं ओतायचं, म्हणजे तो शब्द परत घेता येत नाही. वाचायला अंगावर काटा येतो. या वर्णनात मिशनऱ्यांचा स्वतःचा रस किती आणि प्रत्यक्ष किती हे धरूनच वाचावं, पण दातूंच्या स्वतःच्या पोथ्यांतही या आत्म्याला कामाला लावायच्या कृती आहेत, त्यामुळे सगळं गोऱ्यांनी रचलं असं म्हणून सुटता येत नाही. अशा आत्म्याला पांगुलुबालांग म्हणतात. तो शत्रूवर सोडायचा, किंवा गावाच्या वेशीवर राखणीला बसवायचा, वेशीवरच्या दगडी मूर्तींना पण हेच नाव आणि त्यांच्यातही पुपुक भरायची जागा असते.

मग सासूबाई बरोबर? अर्ध्या. योहानेस विंकलर नावाचा एक जर्मन मिशन डॉक्टर तोबा भागात कामाला होता, त्याने एका दातूकडून ही विद्या चक्क शिकून घेतली आणि १९२५ मध्ये छापली. त्याने दातूच्या विद्येचे तीन भाग पाडले: जीव राखायची विद्या, जीव घ्यायची विद्या, आणि पुढचं बघायची विद्या. आपण करणी म्हणतो तो यातला मधला भाग. बाकी आजार काढणं, बाळंतपण सुखरूप होणं, पेरणीचा दिवस काढणं, पाऊस आणणं, घराला संरक्षण देणं, हे सगळं तोच दातू त्याच काठीने करायचा. वर्ष पालटताना गावाची शुद्धी करायचा मोठा विधी असायचा, त्यात तो जमिनीवर पिठाने बिंदू मातोगा नावाची आकृती काढायचा, दोन चौकोन एकमेकांत तिरके अडकवलेले, आठ टोकं, आठ दिशा, मग ढोल-घंटांच्या तालावर काठी घेऊन नाचत नाचत त्या आकृतीवरचं अंडं काठीच्या टोकाने फोडायचा. काठी ही भिंतीवर टांगायची वस्तू नव्हतीच, ती नाचायची. उभी ठेवून समोरून फोटो काढला की तिचं अर्धं गणित चुकतं, कारण बघणाऱ्याला ती सतत फिरताना दिसायची, वरचे केस हलताना, माणसं एकामागून एक वर चढताना.

शिंगाच्या डबीचं पण तेच. तिला नागा मोरसारांग म्हणतात, म्हशीचं शिंग, आत पुपुक किंवा औषध. चांगला नमुना हातात आला की मी आधी बूच बघते. शिंगाच्या रुंद तोंडाला लाकडी बूच असतं आणि ते म्हणजे सिंगा नावाचा एक काल्पनिक प्राणी, लांब खाली आलेलं नाक, बटाट्यासारखे मोठे डोळे, कपाळावर शिंगांसारखं वळण, आणि त्याच्या पाठीवर तीन-चार माणसं एकामागे एक स्वार, पुढचा मोठा, मागचे लहान लहान होत गेलेले, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या पाठीला. शिंगाच्या निमुळत्या टोकाला गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक माणूस. पृष्ठभागावर बारीक कोरून केलेल्या रेषा, त्यात काजळ भरलेलं. पाठीवरच्या स्वारांना बरेच जण पूर्वज म्हणतात. असतील. पण जरा त्या बुचाचं काम काय ते पण बघा ना, आतली धोक्याची वस्तू बाहेर येऊ नये आणि बाहेरच्या कोणी हात घालू नये. सिंगा तिथे राखण करायला बसवलाय. हाच सिंगा घराच्या पुढच्या तुळयांच्या टोकांवर असतो आणि दगडी शवपेट्यांच्या पुढच्या टोकाला पण असतो. तोमोक गावात सिदाबुतार राजांची शवपेटी आहे तिथे मुली-जावयांनी फोटो काढलेच असतील, पुढे सिंगाचं प्रचंड तोंड, त्याच्या खाली छोटा बसलेला पुरुष, आणि मागच्या टोकाला डोक्यावर वाडगा घेतलेली बाई. डबी, घर, कबर. तिन्ही ठिकाणी आत काहीतरी आहे जे सांभाळायचंय, आणि तोंडाशी तोच प्राणी.

काही दातू शिंगाऐवजी चिनी मातीची छोटी बरणी वापरायचे, व्यापारातून आलेली, तिला गुरी-गुरी म्हणतात, बुचावर घोडेस्वार किंवा सिंगास्वार. बरणी चीनची आणि बूच बाटाक. ताकद कुठे मानायचे ते इथेच कळतं.

आता मराठी माणूस इथवर वाचून हमखास म्हणतो ते आधीच घेते: सिंगा म्हणजे आपला सिंह, नागा आपला नाग, दातूची पोथी ती पुस्तहा, देव म्हणजे देबाता, त्यातला एक बतारा गुरु, म्हणजे सगळं आपल्याकडूनच गेलंय. भारताशी संबंध खराच आहे, आणि तो चांगला पुराव्यानिशी आहे. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारुस बंदराजवळ लोबू तुआला १०८८ सालचा तमिळ शिलालेख सापडलाय, दक्षिण भारतातल्या "पाचशे" नावाच्या व्यापारी संघाचा. हे लोक तिथे कशाला गेले होते तर कापरासाठी, बारुसचा कापूर प्रसिद्ध, तो मिळायचा बाटाक लोकांच्या डोंगरांतून, आणि खरा भीमसेनी कापूर ज्या झाडाचा तेच ते झाड. कारो बाटाकांच्या सेंबिरिंग कुळात आजही ब्राह्माना, चोलिया, पांडिया अशी उपकुळं आहेत. दक्षिणेला पादांग लावासमध्ये तांत्रिक बौद्ध पंथाची विटांची देवळं उभी आहेत. बाटाक आठवड्याचे वार आर्तिया, सुमा, अंगारा, मुदा, बोरासपाती, सिंगकोरा, सामिसारा. मराठी माणसाला भाषांतराची गरजच नाही.

पण पुढे बघा काय झालं. बोरासपाती हा गुरुवार झाला ठीक, पण बोरासपाती नी तानो म्हणजे जमिनीचा बोरासपाती, तो आहे सरडा किंवा पाल. पोथीच्या लाकडी पुठ्ठ्यावर, धान्याच्या कोठाराच्या दारावर, घराच्या पुढच्या भिंतीवर. त्याचा आपल्या पिवळ्या वस्त्रातल्या देवगुरूशी काय संबंध उरला? काही नाही. तो जमिनीचा, शेताचा, पिकाचा. घराच्या भिंतीवर त्याच्या जवळ चार स्तन कोरलेले असतात, आदोप-आदोप म्हणतात, म्हणजे भरपूर संतती, भरपूर धान्य, पोटभर घर. आणि सिंगाला सिंह म्हणून बघितलं तर तुम्हाला तो नीट न जमलेला सिंह दिसेल, आणि मग "बिचाऱ्यांनी सिंह कधी पाहिलाच नव्हता" असली वाक्यं सुचतात, मी ती शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलीत. त्यात थोडी म्हैस, थोडा नाग, थोडा घोडा, थोडा माणूस आहे आणि तो तसाच हवा होता. नाव पाहुणं म्हणून आलं आणि घरातल्याच कोणाला तरी देऊन टाकलं. त्यामुळे संस्कृत नाव दिसलं की अर्थ पण संस्कृत असा बादरायण संबंध जोडू नका, एवढंच सांगायचंय.

(खऱ्या महाराष्ट्र कनेक्शनची हौस असेल तर एक आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ बोरी गावाला कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, ती राख तोबाचीच. तोबाच्या कुठल्या उद्रेकाची यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतायत, तलाव ज्याने आजच्यासारखा झाला तो मोठा उद्रेक साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीचा. चिन्हांशी त्याचा काही संबंध नाही, पण राख तरी खरंच तिकडून आपल्याकडे आलीय.)

पालीबद्दल अजून एक. सामोसिरवर गाइड सांगतात आणि टी-शर्टवर पण छापतात की पाल कुठल्याही घराच्या भिंतीला चिकटून राहते तसा बाटाक माणूस जगात कुठेही जुळवून घेतो, आणि चार स्तनांकडे तोंड म्हणजे कुठेही गेला तरी आईच्या मुलखाची आठवण. हा अर्थ आजचा आहे, जकार्ताला नोकरीला गेलेल्या पोरांचा. म्हणून खोटा म्हणू का? नाही म्हणणार. चिन्हं जिवंत असली की त्यांना नवे अर्थ फुटणारच. फक्त जुन्या पोथीच्या पुठ्ठ्यावरच्या पालीला तो अर्थ लावू नका.

पोथीचं राहिलंच. पुस्तहा आगरू जातीच्या झाडाच्या सालीची, लांबच लांब पट्टी घड्या घालून केलेली, बाटाक लिपीत काळ्या शाईने. सुरुवातीला ही विद्या कोणाकडून कोणाला मिळाली ती गुरु-शिष्यांची नावं, मग कृती, आकृत्या, दिवस बघायचे तक्ते. ब्रिटिश म्युझियमकडे एक १७६४ मध्येच पोचली होती. दिवस बघायला बांबूवर कोरलेलं पंचांग पण असतं, पोरहालाआन, तीस-तीस दिवसांच्या रांगा आणि त्यातून तिरका सरकत जाणारा विंचू, विंचू ज्या खान्यात तो दिवस टाळायचा. कोरीव काम आणि पोथी वेगळी काढून अभ्यास करतात ना, तिथेच घोळ होतो. काठी कशी करायची, कधी करायची, आत काय भरायचं हे पोथीत असतं. नुसती काठी बघून अर्थ लावणं म्हणजे निम्मा कागद फाडून उरलेला वाचणं.

सी गाले-गालेचा उल्लेख प्रश्नात नव्हता, पण तोमोकला त्याचा शो बघितलाच असेल तर सांगते, कारण तो तिथे निव्वळ करमणूक म्हणून दाखवतात. माणसाएवढी लाकडी बाहुली, मागून दोऱ्यांनी नाचवतात, काहींच्या डोक्यात ओला स्पंज किंवा शेवाळ ठेवून डोळ्यांतून पाणी पण काढायचे. ही मूळची मूलबाळ नसताना मेलेल्या माणसासाठी. मुलगा नाही तर मागे रडणार कोण, विधीत नाचणार कोण, आणि वंशाशिवाय गेलेल्याला मेलेल्यांच्या जगात मान नाही, म्हणून लाकडाचा मुलगा. असं मानायचे की पूर्ण बाहुली एकट्याने कोरली तर कोरणाऱ्याचा जीव तीत जातो, म्हणून डोकं एकाने करायचं आणि धड दुसऱ्याने. पुन्हा तेच बघा, लाकडात जीव जातो हे गृहीतच धरलंय, प्रश्न फक्त कोणाचा.

या सगळ्याचं पुढे काय झालं ते पटकन. जर्मन राइन मिशनचा नोमेनसेन १८६२ मध्ये सुमात्रात उतरला, पुढच्या काही दशकांत तोबा भाग मोठ्या प्रमाणात ख्रिश्चन झाला, दक्षिणेकडचे मांडाइलिंग त्याआधीच मुसलमान होत होते. तोबा बाटाकांचा पुजारी-राजा सिसिंगामंगाराजा बारावा १९०७ मध्ये डच सैन्याशी लढताना मारला गेला आणि जुन्या सत्तेचा शेवट झाला. धर्म बदलताना काठ्या-पोथ्या जाळल्या किंवा मिशनऱ्यांना देऊन टाकल्या, त्या युरोपात गेल्या, म्हणून आज चांगल्या वस्तू लायडन, आम्सटरडॅम, बर्लिन, वुपरटालमध्ये जास्त. तिकडे बघायच्या तर मेदानचं राज्य म्युझियम आणि बालिगेचं बाटाक म्युझियम. जुना धर्म पूर्ण गेला असंही नाही, लागुबोतीजवळ हुतातिंगीला परमालिम लोक मुलाजादी ना बोलोनची, म्हणजे सगळ्यात वरच्या देवाची, उपासना अजून करतात.

आता तुमची काठी. फोटो लहान आहेत तरी सांगते, ही नवी आहे, पर्यटकांसाठी कोरलेली. उंची तीन फुटांच्या आत, म्हणजे सुटकेसचा विचार आधीच केलेला. नाचायच्या काठीला माणसाच्या हाताच्या उंचीवर झीज असते, तिथल्या आकृत्यांची नाकं-गुडघे गुळगुळीत होतात आणि खोबणीत मळ काळा राहतो, तुमच्या काठीवर वरपासून खालपर्यंत एकसारखा तपकिरी रंग आहे, बहुतेक बूट पॉलिश किंवा धुरी. जुन्या काठीवर चुलीचा धूर, बळीचं रक्त आणि नैवेद्य यांचे थर चढतात आणि तो थर सगळीकडे सारखा कधीच नसतो. छातीत भोक दिसत नाही. केस नायलॉनचे वाटतात, काडीपेटी लावून बघायची गरज नाही, नुसतं भिंगातून बघा, नायलॉन सारख्याच जाडीचा आणि चकचकीत असतो. कोरणाऱ्याचा हात मात्र चांगला आहे, वरून दुसरी आकृती, म्हणजे बाई, तिचा चेहरा बघा, गालाची कड एका झटक्यात काढलीय, मागेपुढे खरवडलेलं नाही. सामोसिरवर हे काम बाप-मुलगा असं चालत आलेलं असतं, स्वस्तातलं असलं तरी टाकाऊ नसतं.

म्हणजे सासूबाईंना सांगायला हरकत नाही की यात कोणी काही भरलेलं नाही, विधी झालेला नाही, हे निव्वळ लाकूड आहे. तरीही त्यांना नको वाटत असेल तर हॉलमध्ये समोरासमोर लावायचा हट्ट पण करू नका, कारण तिकडचे अनेक ख्रिश्चन बाटाक सुद्धा ही वस्तू स्वतःच्या घरात ठेवत नाहीत. देवघरात मात्र ठेवू नका, कोणाचा तरी सल्ला तुम्ही लिहिलाय तसा "शुद्ध करून" वगैरे, तो ओढूनताणून केलेला प्रकार होईल, दोन्हीकडच्या श्रद्धेची गंमत केल्यासारखा.

शिंगाच्या डबीचं मी नक्की सांगू शकत नाही. बुचाचा सिंगा तुमच्या काठीपेक्षा वेगळ्या हाताचा आहे, शिंगावरच्या रेषांच्या कडा झिजल्यासारख्या दिसतायत आणि निमुळत्या टोकाला एक जुनी चीर आहे. जुनी निघाली तर इंडोनेशियात २०१० चा वारसा कायदा आहे, ५० वर्षांवरच्या अशा वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे दुकानाची पावती असेल तर जपून ठेवा. तोवर बूच ओढून काढायला जाऊ नका. जुन्या डबीत खाली काळा कडक थर असू शकतो आणि अशा वस्तूंवर कधीकाळी कीड मारायला आर्सेनिकसारखी विषं पण फासलेली असतात, हात धुवा आणि पोरांच्या हाती देऊ नका. तेल लावू नका, उन्हात ठेवू नका, शिंगाला पापुद्रे सुटतात. शिंग खाणारे बारीक किडे असतात, डबीखाली पांढरा कागद ठेवा आणि आठवडाभराने भुसा पडलाय का बघा. पडला तर सरळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून मला कळवा. आणि तीन फोटो पाठवा, बूच वरून, बूच आणि शिंग जिथे मिळतात ती कड जवळून, आणि निमुळत्या टोकावरचा माणूस बाजूने, मोबाइलचा फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात.